४९०० : संत्र्यांचा ढीग आणि सत्तर बाय सत्तर

९ नोव्हेंबर

२२ डिसेंबरच्या गणित दिनाला शाळेत काय मांडायचं, हा प्रश्न आज नागपूरच्या गोकुळपेठ मार्केटात सुटला. आंबिया बहाराची संत्री भरात आहेत, गाडीगाडीवर ढीग लागलेत. नववीतली तीन मुलं माझ्यासोबत होती, एक पोरगी आणि दोन पोट्टे. एका गाडीवर संत्री अगदी चौकोनी रचलेली होती. वर एक, त्याखाली चार, त्याखाली नऊ, असे सात थर. पोरीने उभ्या उभ्या बेरीज केली : १ + ४ + ९ + १६ + २५ + ३६ + ४९, म्हणजे १४०. मग म्हणाली, "मॅडम, चारच कमी पडले. अजून चार असते तर हा ढीग मोडून बारा बाय बारा सपाट लावता आला असता."

फळवाले भाऊ ऐकत होते. म्हणाले, "एकशेचाळीस नाही ना मॅडम. आतमध्ये टोपलं पालथं घातलं आहे. पूर्ण भरले तर खालचे संत्रे दबून जातात." एक संत्रं बाजूला करून त्यांनी टोपलं दाखवलंही. मुलांनी मग दिसणारी संत्री मोजली : ८५. म्हणजे टोपल्याने ५५ संत्र्यांची जागा खाल्लेली. ५५ हा पुन्हा पाच थरांचा पुरा ढीग. सात थरांच्या पोटात पाच थर, आणि वरची साल ८५, म्हणजे ३६ + ४९. गाडीवरच्या ढिगात इतकं काही दडलेलं असेल असं मलाही वाटलं नव्हतं.

परतताना ऑटोत एकच विषय : असा एखादा ढीग आहे का, की जो मोडला तर सपाट चौकोन बरोब्बर भरेल? एक कमी नाही, एक जास्त नाही? मला उत्तर माहीत आहे, पण मी सांगितलं नाही. एका संत्र्याचा ढीग सोडला तर असा ढीग एकच आहे. 'एकच आहे' हे म्हणायला काय लागतं, ते या दीड महिन्यात मुलांना हातांनी कळावं, एवढ्यासाठी हा प्रकल्प.

११ नोव्हेंबर

वहीत तक्ता सुरू. डावीकडे थर, मध्ये एकूण, उजवीकडे जवळचा वर्ग. १, ५, १४, ३०, ५५, ९१, १४०, २०४, २८५ असं चाललं. पाचाला चाराहून एक जास्त. चौदाला सोळा व्हायला दोन कमी. २८५ ला सतराच्या वर्गाला पुन्हा चार कमी. मग फरक वाढत गेले आणि एक पोट्टा कंटाळून खिडकीत जाऊन बसला. अठराव्या थराला २१०९ आले, ४६ चा वर्ग २११६. सातच कमी, म्हणून तो परत आला.

तेविसावा थर : ४३२४. त्यात ५७६ मिळवले. त्याने ४९०० लिहिलं, पेन तसंच धरून क्षणभर पाहिलं आणि सरळ स्टाफरूमकडे धावत सुटला. "सत्तरचा वर्ग आहे मॅडम, सत्तरचा!"

चोवीस थरांचा ढीग, सत्तर बाय सत्तरचा चौकोन. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत ते चाळीस थरांपर्यंत पोचले (२२१४०), दुसरा सापडला नाही. मग पोरीने विचारलं, शंभर थरांपर्यंत पाहिलं तर पुरे का? नाही म्हटलं. दहा लाख थरांपर्यंत? तरी नाही. तिने वही मिटली आणि म्हणाली, मग मोजून होणारच नाही हे. मला तिच्याकडून नेमकं हेच वाक्य हवं होतं.

१५ नोव्हेंबर

आजचा पूर्ण तास सूत्रावर गेला, आणि गेला ते बरं झालं. पुस्तकात सूत्र छापलेलं असतं : न थर असतील तर न × (न + १) × (२न + १) ÷ ६. चोवीस घातले की २४ × २५ × ४९ ÷ ६ = ४९००. पण सहाने का भागायचं, ते सूत्राकडे पाहून कळत नाही.

आर्यभटांनी ४९९ साली आर्यभटीयाच्या गणितपादात हेच एका श्लोकात सांगून ठेवलं आहे. थरांची संख्या, तीत एक मिळवून येणारी संख्या आणि या दोन्हींची बेरीज, अशा तिघांचा गुणाकार करायचा आणि त्याचा सहावा भाग घ्यायचा. ढिगाला त्यांचा शब्द 'चिति', वर्गांच्या ढिगाला 'वर्गचितिघन'. चिति म्हणजे रास, रचलेला ढीग. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात गाडीवरची संत्री दिसतात. केरळचे नीलकंठ सोमयाजी यांनी पंधराव्या-सोळाव्या शतकात आर्यभटीयावर भाष्य लिहिलं, आणि सहा सारखे ढीग जोडून पेटी कशी होते ते त्यात दाखवलं. आम्ही तेच करून पाहिलं.

बालवाडीच्या खोलीतून लाकडी ठोकळे आणले. तीन थरांचा ढीग, १ + ४ + ९ = १४ ठोकळे, पण मधोमध न रचता एका कोपऱ्याला टेकवून, जिन्यासारखा. ठोकळे फेविकॉलने चिकटवले. असे सहा ढीग, एकूण ८४ ठोकळे. तीन ढीग एकमेकांत अडकवले की तीन बाय चारचा तळ असलेला, तीन उंचीचा ठोकळा तयार होतो आणि त्याच्या डोक्यावर अर्धा थर उरतो, पायऱ्यांचा. इथे मुलं अडकली. अर्ध्याचं काय करायचं? दुसऱ्या तिघांचाही असाच ठोकळा झाला, त्याच्याही डोक्यावर पायऱ्या. खिडकीत बसणाऱ्या पोट्ट्याने दुसरा ठोकळा उचलला, उलटा केला आणि पहिल्यावर ठेवला. पायऱ्यांत पायऱ्या बसल्या. तीन बाय चार बाय सातची भरीव पेटी, कुठेही फट नाही. ३ × ४ × ७ = ८४.

ती पेटी तो घरी घेऊन जायला मागत होता. प्रदर्शनापर्यंत नाही म्हटलं.

१८ नोव्हेंबर

आज चोविसाकडे नीट पाहिलं. २४ × २५ × ४९ ÷ ६. यात २५ पाचाचा वर्ग, ४९ साताचा वर्ग, आणि चोविसाला सहाने भागलं की ४, दोनाचा वर्ग. तिघेही वर्ग, म्हणून गुणाकारही वर्ग : २ × ५ × ७ = ७०. म्हणजे अशी संख्या हवी जी स्वतः सहा गुणिले वर्ग, पुढची संख्या वर्ग, आणि दुपटीत एक मिळवला तर तोही वर्ग. तीन अटी एकाच वेळी पाळायच्या. एवढं कळलं की दुसरा ढीग न सापडण्याचं नवल कमी होतं, पण सिद्धता काही होत नाही.

त्रिकोणी तळाचे ढीगही पाहिले : १, ४, १०, २०, ३५. त्यांतही वर्ग फार थोडे. १ आहे, ४ आहे, आणि मग थेट अठ्ठेचाळीस थरांचा १९६००. तो १४० चा वर्ग. १९६०० म्हणजे ४९०० ची चौपट, आणि १४० म्हणजे गोकुळपेठच्या ढिगाचा आकडा. या तिघांपलीकडे चौथा नाही, हे ए. जे. मेल यांनी १८७८ मध्ये दाखवलं.

२३ नोव्हेंबर

खरी संत्री ४९०० घ्यायची म्हणजे कॅरेटच्या कॅरेट, आणि भाऊंनी सांगितलंच आहे की खालची दबतात. म्हणून कंचे, म्हणजे गोट्या. इतवारीत ठोक दुकानात गेलो. सोळा मिलिमीटरचे काचेचे कंचे, शंभर तोलून पाहिले तर ५३६ ग्रॅम. म्हणजे ४९०० चं वजन सव्वासव्वीस किलो. निवडानिवड करायची म्हणून अठ्ठावीस किलो घेतले. दुकानदार म्हणाले, "शाळेत कंचे खेळाले लावता का मॅडम?" प्रकल्प सांगितल्यावर त्यांनी दोन पोती वर उचलून ऑटोत ठेवून दिली, आणि शेवटचा आकडा काय येतो तो सांगायला या म्हणाले.

२५ नोव्हेंबर

निवड. व्हर्नियरवर कंचे १५.६ पासून १६.३ मिलिमीटरपर्यंत निघतात. एवढा फरक चालणार नाही. सत्तर कंच्यांच्या ओळीत प्रत्येकी पाव मिलिमीटर वाढला तरी शेवटी पूर्ण एक कंचा बाहेर राहतो. दोन पट्ट्यांमध्ये फट ठेवून चाळण केली. अडकतो तो मोठा, खडखड आवाज करत जातो तो लहान, नुसता सरकतो तो आपला.

२८ नोव्हेंबर

पोरीच्या डोक्यातून आलेला प्रश्न : कंचे नकोत, कागदाचे चौकोन घेतले तर? एक सेंटिमीटर बाजूचा, दोनचा, तीनचा, असे चोविसापर्यंत चोवीस चौकोन. सगळ्यांचं क्षेत्रफळ मिळून ४९०० चौरस सेंटिमीटर. मग सत्तर सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर ते सगळे, एकही न कापता, बसायला हवेत.

बसत नाहीत. मुलांनी दोन दिवस घालवले, एका कोपऱ्यात नेहमी बारीक पट्टी उरते. १९७५ साली बिटनर आणि राइनगोल्ड यांनी संगणकाकडून सगळ्या मांडण्या तपासून घेतल्या आणि असं बसवणं शक्यच नाही हे निघालं. सातचा एक चौकोन बाहेर ठेवून बाकीचे तेवीस मात्र बसवता येतात. क्षेत्रफळ जुळतं, तरी आकार जुळत नाही. मुलांना वाईट वाटलं. मला वाटलं की बेरीज जुळणं आणि वस्तू जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आठ-दहा ओळींच्या स्पष्टीकरणापेक्षा त्या पुठ्ठ्याने जास्त चांगलं शिकवलं. पुठ्ठा प्रदर्शनात ठेवणार, उरलेल्या फटीसकट.

३० नोव्हेंबर

रविवार, मुलं घरीच आली. 'एकच' याची सिद्धता जमेल तेवढी करायची ठरवलं.

आधी इतिहास. एदुआर लुका या फ्रेंच गणितीने १८७५ मध्ये हा प्रश्न तोफगोळ्यांच्या ढिगाबद्दल मांडला (हनोईच्या मनोऱ्याचं कोडंही त्यांचंच, १८८३ मधलं). त्या काळी दिलेल्या सिद्धतांत खिंडारं राहिली. पहिली पूर्ण सिद्धता जी. एन. वॉटसन यांची, १९१८ ची, आणि तिला लंबवर्तुळी फलनांसारखं जड हत्यार लागलं. शाळेच्या जवळपास येणारी सिद्धता डब्ल्यू. एस. अँग्लिन यांनी १९९० मध्ये दिली. प्रश्न सातवीच्या मुलाला कळतो, उत्तराला त्रेचाळीस वर्षं लागली.

मग काम. न, न + १ आणि २न + १ या तिघांत कुणाचाही कुणाशी सामाईक अवयव नाही. त्यांचा गुणाकार सहा गुणिले वर्ग हवा. म्हणून त्या सहातले २ आणि ३ कुणाच्या तरी वाट्याला जाणार आणि बाकी सगळं वर्गच असणार. न सम धरला तर २ हा 'न'कडे. ३ कुणाकडे?

न + १ कडे दिला तर न = २प² आणि २न + १ = (२प)² + १, आणि हा वर्ग हवा. वर्गाला लागून वर्ग ० आणि १ सोडून कुठेच नाही. ही वाट बंद. २न + १ कडे दिला तर 'न'ला तीनाने भागून बाकी १ उरते, म्हणून न + १ ची बाकी २. कोणत्याही वर्गाला तीनाने भागा, बाकी दोन कधीच उरत नाही. तीही बंद. मुलांनी एकपासून वीसपर्यंतचे वर्ग भागून पाहिले, मग स्वतःच कारण शोधलं. राहिली एक वाट : न = ६प², न + १ = क², २न + १ = र².

इथून पोरगी माझ्यासोबत राहिली, पोट्टे मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन गच्चीवर गेले. र² मधून क² वजा केला की ६प². क आणि र दोन्ही विषम, दोन विषम वर्गांतला फरक आठाने भागला जातो, म्हणून प सम. प = २स लिहू. मग (र − क) ÷ २ आणि (र + क) ÷ २ यांचा गुणाकार ६स², आणि त्या दोघांत सामाईक काही नाही. म्हणजे एक ६अ² आणि दुसरा ब², नाहीतर एक ३अ² आणि दुसरा २ब². क म्हणजे या दोघांमधला फरक, आणि क² = २४स² + १. पहिल्या पर्यायात सगळं भरून आवरलं की उरतं :

(६अ² − ३ब²)² = ८ब⁴ + १

इथे फेर्माचं प्रमेय कामी येतं : शून्य नसलेल्या दोन चौथ्या घातांची बेरीज कधी वर्ग होत नाही, आणि दोन वेगवेगळ्या चौथ्या घातांची वजाबाकीही नाही. त्यातून ब हा ० किंवा १, आणखी काही नाही. ब = १ घेतला की अ = १, स = १, प = २, न = २४. दुसऱ्या पर्यायात (३अ² − ६ब²)² = ३२ब⁴ + १ येतं आणि ती वाट शून्यावर जाऊन संपते.

सम थरांचा प्रश्न संपला. दोन, चार, सहा पासून कितीही वर जा, चोवीसच. तिने शेवटच्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या. तिच्या चेहऱ्याकडे पाहून मला माझी बी.एस्सी.ची वर्षं आठवली. विषम थर राहिलेत.

४ डिसेंबर

मिस्त्रींकडे चौकटी. मोठी, सपाट मांडणीची : ७० × १६ = ११२० मिलिमीटर. लहान, ढिगाच्या तळाची : २४ × १६ = ३८४.

मिस्त्री चौकट काटकोनात आहे की नाही ते दोन्ही कर्ण मोजून पाहतात, सारखे आले की झालं. त्यांनी टेप लावला, १५८४ आले. मी थांबलेच. १५८४ म्हणजे ९९ × १६. सत्तर कंच्यांच्या चौकोनाचा कर्ण नव्व्याण्णव कंच्यांएवढा. काटेकोर पाहिलं तर १५८३.९२, पण टेपवर तो फरक दिसत नाही. कारण ९९ चा वर्ग ९८०१, आणि ४९०० ची दुप्पट ९८००. एकाचाच फरक. दुपटीत एक मिळवून वर्ग होणाऱ्या वर्गांचा हा शोध ब्रह्मगुप्तांच्या वर्गप्रकृतीचा, इसवी सन ६२८. त्या मालिकेत २, १२ आणि मग ७० येतो. मिस्त्रींना सांगितलं की लाकूड सत्तर घेतलं तर कर्ण नव्व्याण्णव धरा. ते म्हणाले, "आम्ही पाचाला सात धरतो." तेही बरोबरच आहे, ५ चा वर्ग दुप्पट केला की ५०, ७ चा वर्ग ४९. मिस्त्रींचं माप आणि आमचं माप एकाच घराण्यातलं.

७ डिसेंबर

ढीग कोसळला.

लहान चौकट ३९० ची झाली होती, सहा मिलिमीटर जास्त. मी मोजून घ्यायला हवी होती. तळाचा थर ५७६ कंच्यांचा, सैल बसला, एका कंच्यामागे पाव मिलिमीटर फट. डोळ्यांना काही दिसलं नाही. पण वरचा प्रत्येक कंचा खालच्या चारांच्या खळगीत बसतो आणि पाचरीसारखा त्यांना बाहेर ढकलतो. फट असली की खालचे हलतात, वरचा आणखी खाली उतरतो, ढकलणं वाढतं. तळापासून नऊ थर होईपर्यंत तग धरला. दहाव्यात पोरीने कंचा ठेवला आणि एक बाजू सरकली, आवाज आधी बारीक, मग एकदम पावसासारखा. तीन हजारांहून जास्त कंचे वर्गभर. तासभर बाकांखाली वेचत होतो. कुणी कुणाला बोललं नाही.

८ डिसेंबर

चौकटीच्या चारही बाजूंना पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवून ३८४ केली. तळाचा थर आता दाबून बसतो, चौकट हलवली तरी आवाज नाही.

१० डिसेंबर

अधिवेशनाचा बंदोबस्त, मुलं उशिरा आली, ढीग नाही. फळ्यावर सत्तर.

सत्तराला पूर्ण भाग जाणाऱ्या, त्याहून लहान संख्या : १, २, ५, ७, १०, १४, ३५. बेरीज ७४, सत्तराहून जास्त. आता यांतल्या काही निवडून नेमके ७० करून दाखवा. चार कमी करायचे आहेत, म्हणजे चार बेरजेच्या काही संख्या गाळायच्या. चारहून लहान फक्त १ आणि २, दोन्ही मिळून ३. चार होतच नाहीत. अशा संख्यांना गणितात विचित्र संख्या म्हणतात, आणि सत्तर त्यांतली सर्वांत लहान. मुलांनी १२, १८, २० तपासल्या, सगळ्यांत जमतं. सत्तराशी येऊन पहिल्यांदा अडतं.

१३ डिसेंबर

ढीग पूर्ण! सकाळी आठला सुरू, दुपारी अडीचला वरचा एक. तळ ३८.४ सेंटिमीटर, उंची साडेसत्तावीसच्या वर थोडी. कंच्यांवर उन्हाची तिरीप आली तेव्हा आतपर्यंत हिरवं दिसत होतं.

बाहेरून दिसणारे किती, ते पोट्ट्याने गोकुळपेठच्या रीतीने काढलं : प्रत्येक थराची कड, आणि वरचा एक. ११०५. आत झाकलेले ३७९५, म्हणजे पुरा बावीस थरांचा ढीग. आणि ११०५ = २३² + २४², जसे तिथे ८५ = ६² + ७². पण ११०५ तेवढ्यावर थांबत नाही. ४² + ३३², ९² + ३२², १२² + ३१². दोन वर्गांच्या बेरजेत चार वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिता येणारी ही सर्वांत लहान संख्या. फळवाले भाऊ चोवीस थर रचतील तर त्यांना टोपल्यावर ११०५ संत्री पुरतील.

खळग्यांत बसवण्याची ही रीत जागा सर्वांत कमी वाया घालवते, सुमारे ७४ टक्के भरीव. केप्लरने १६११ मध्ये तसं म्हटलं, थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये सिद्ध केलं, आणि ती सिद्धता ओळ न ओळ संगणकाकडून तपासून घ्यायला २०१४ उजाडलं. मार्केटातल्या प्रत्येक गाडीवर ही रीत कुणी न शिकवता चालू आहे.

१७ डिसेंबर

फलकांचं लिखाण. एक फलक मी हट्टाने ठेवला आहे, जरी बघणाऱ्यांना तो अवघड जाईल. ०² + १² + २² + … + २४² − ७०² = ०. या एका ओळीच्या जोरावर चोवीस मितींमध्ये गोल रचण्याची लीच लॅटिस नावाची रचना बांधता येते. तिच्यात प्रत्येक गोलाला १९६५६० गोल टेकतात. आपल्या ढिगात आतल्या कंच्याला बारा टेकतात. चोवीस मितींत याहून दाट रचना नाही, हे २०१६ मध्ये मारिना व्याझोव्स्का यांनी हेन्री कोन, अभिनव कुमार, स्टीफन मिलर आणि दानिलो राद्चेन्को यांच्यासोबत सिद्ध केलं. व्याझोव्स्का यांना २०२२ मध्ये फील्ड्स पदक मिळालं. लुकांच्या तोफगोळ्यांचा प्रश्न इथपर्यंत पोचेल हे १८७५ मध्ये कुणाला दिसणं शक्य नव्हतं.

२२ डिसेंबर

हॉलच्या मधोमध ढीग, शेजारी जमिनीवर रिकामी मोठी चौकट. अकरा वाजता मोडायला सुरुवात. वरून एकेक थर उचलायचा, ओळीत लावायचा, सत्तर झाले की पुढची ओळ.

सात थर संपले आणि बरोबर दोन ओळी पूर्ण झाल्या. १४०. ही गोष्ट आम्ही कुणीच आधी पाहिली नव्हती! इतके दिवस १४० म्हणजे बारा बाय बाराला चार कमी, असंच डोक्यात बसलं होतं. पोरीने तिथेच जमिनीवर बसून उरलेल्या बेरजा सत्तराने भागल्या आणि ओरडून सांगितलं, पुन्हा विसाव्या थराला जुळेल. विसाव्याला २८७०, एक्केचाळीस ओळी. हॉलमधले सगळे मोजायला लागले. एकोणिसाव्या थरानंतर एक ओळ अर्धवट होती, विसाव्याचे ४०० घातले आणि एक्केचाळीसावी ओळ कोपऱ्यापर्यंत भरली. मग एकविसाव्याला नाही, बाविसाव्याला नाही, तेविसाव्याला नाही.

तळाच्या ५७६ कंच्यांना वेळ लागला. शेवटच्या ओळीत जागा तंग झाली, अडुसष्टाव्या कंच्याला बाकीचे अंगठ्याने दाबून सरकवावे लागले. शेवटचा पाचवीतल्या एका मुलाने बसवला. चौकटीत जागा नाही, तळाच्या चौकटीत कंचा नाही.

गोकुळपेठचे भाऊ दुपारी आले होते, मुलाला घेऊन. चौकटीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "पंचवीस थर लावले तर?" पोरगी म्हणाली, "नाही होत काका. पंचवीस म्हणजे विषम. विषमचं आम्ही अजून करून राहिलो."

२४ डिसेंबर

सुट्टी लागली, तरी पोरगी आली. विषम थर.

३ कुणाकडे द्यायचा, तो निवाडा तिने एकटीने केला. 'न'कडे दिला तरी आणि न + १ कडे दिला तरी तीनाची बाकी आडवी येते. उरतं ते न = प², न + १ = २क², २न + १ = ३र². यातून ४प² + ३ ही संख्या एका ठरलेल्या मालिकेत सापडायला हवी : १, २, ७, २६, ९७, ३६२, १३५१, ५०४२, … पुढची संख्या म्हणजे आधीच्याची चौपट, वजा त्याच्या आधीची. ७ मध्ये प = १, तो एका संत्र्याचा ढीग. त्यानंतर एकही नाही, हे अँग्लिन यांनी दाखवलेलं आहे. तिला ते वाचण्याआधी स्वतः शोधून पाहायचं आहे.

सम संख्या लगेच बाद. ९७ ला चाराने भागून बाकी १, बाद. १३५१ मधून ३ गेले, चाराने भागले : ३३७. वर्ग नाही. १८८१७, बाद. मग २६२०८७. तीन वजा, चाराने भाग : ६५५२१. तिने मोबाइल बाजूला ठेवून हाताने वर्गमूळ काढायला घेतलं, २५६ पर्यंत आली आणि उभीच राहिली. मग गुणाकार केला. २५६ चा वर्ग ६५५३६. पंधरा कमी.

"पंधराच, मॅडम."

पुढच्या दोन संख्या तिने वहीत उतरवून घेतल्या : ९७८१२२ आणि ३६५०४०१. उद्या सकाळी नऊला येते म्हणाली.